लूपबॅक पास, तरी मशीन ढिम्म: सिरियल केबलमध्ये काय चुकतंय?

गिरमिट

मंडळी, दोन दिवस डोकं खाजवून झालं, आता धागा काढतो.

वर्कशॉपमध्ये एक जुनी सीएनसी (प्रोग्रामवर चालणारी) लेथ आहे. तिला प्रोग्राम पाठवायला पीसी होता, तो गेला. नव्या लॅपटॉपला सिरियल पोर्ट नाही, म्हणून यूएसबी ते सिरियल अडॅप्टर घेतला. त्याला ९ पिनचं मेल तोंड आहे, मशीनला २५ पिनचं फिमेल. खणात एक तयार ९ ते २५ पिन अडॅप्टर सापडला, तो मध्ये लावला आणि पुढे चार मीटरची २५-२५ केबल स्वतः बनवली: २ ला २, ३ ला ३, ७ ला ७. बाकी पिना मोकळ्या.

केबलच्या मशीनकडच्या टोकाला २ आणि ३ शॉर्ट करून (हीच लूपबॅक चाचणी) पुटी या टर्मिनल प्रोग्राममध्ये टाइप केलं. अक्षरं उमटतात. लोकल एको (टाइप केलेलं पुटीनं स्वतःच दाखवणं) बंद होता आणि शॉर्ट काढला की उमटणं थांबतं, म्हणजे भास नाही. मशीनला लावलं की मात्र सगळं शांत. मशीनमधून प्रोग्राम बाहेर पाठवला तर लॅपटॉपवर एक अक्षर येत नाही. मशीनमध्ये घ्यायला गेलं तर समोरचं उपकरण तयार नाही अशा अर्थाचा अलार्म.

लूपबॅक पास झाला म्हणजे केबल बरोबरच ना? मग मशीनचा पोर्ट उडालाय का?

पकडसांडशी

२-३ क्रॉस करा. दोन मिनिटांचं काम.

गिरमिट

पकडसांडशी, तेच तर. तो तयार अडॅप्टर बझर लावून तपासला, तो आतच उलट करतो. ९ चा २ निघतो २५ च्या ३ वर आणि ९ चा ३ निघतो २५ च्या २ वर. क्रॉस आधीच झालाय म्हणून पुढची केबल सरळ ठेवली.

ऋणभार

गोम इथेच आहे. तो क्रॉस दिसतो, पण क्रॉस नाही.

आरएस-२३२ हे या सिरियल पोर्टचं मानक १९६० चं. २५ पिनच्या प्लगवर पीसीसारखं यंत्र २ वर बोलतं आणि ३ वर ऐकतं. १९८४ मध्ये आयबीएमच्या एटीबरोबर ९ पिनचा पोर्ट आला आणि त्यात आकडे उलटे झाले: २ वर ऐकायचं, ३ वर बोलायचं. ग्राउंडही ७ वरून ५ वर गेलं. तुमचा अडॅप्टर ही फक्त आकड्यांची अदलाबदल करतो. त्याच्या २५ पिनच्या तोंडाशी लॅपटॉप २ वरच बोलतो, जसा जुना पीसी बोलला असता. तुमची लेथही बहुतेक २ वरच बोलते. म्हणजे एकाच तारेच्या दोन टोकांना दोन तोंडं, आणि दुसऱ्या तारेच्या दोन टोकांना दोन कान.

आता लूपबॅकचं. २ आणि ३ एकमेकांना जोडल्यावर केबल सरळ असो की उलट, बोललेलं ऐकू येणारच. त्या चाचणीला सरळ-उलट कळतच नाही. तार तुटलेली नाही, यूएसबी अडॅप्टर जिवंत आहे आणि ड्रायव्हर चालतोय, एवढंच तिनं सांगितलं. बॉड रेटही (पाठवण्याचा वेग) तिला कळत नाही, कारण पाठवणारा आणि घेणारा एकच चिप आहे.

नुसतं माझ्यावर विश्वास ठेवू नका, मीटर लावा. डीसी व्होल्ट, २० ची रेंज. काळी प्रोब ग्राउंडला (२५ मध्ये ७, ९ मध्ये ५), लाल प्रोब आधी २ ला, मग ३ ला. आरएस-२३२ मध्ये गप्प असलेली टीएक्स (बोलणारी) लाइन ऋण असते, साधारण उणे ५ ते उणे १२. ऐकणारी पिन शून्याच्या आसपास, कारण आत ३ ते ७ किलोओहमचा रोध तिला ग्राउंडकडे ओढून ठेवतो. जिथे ऋण व्होल्ट, तिथे तोंड. केबल मशीनपासून काढून दोन्हीकडे वेगवेगळं मोजा. लॅपटॉपवर पुटीत पोर्ट उघडा ठेवा, काही यूएसबी अडॅप्टर पोर्ट बंद असताना आउटपुटही झोपवून टाकतात.

गिरमिट

मोजलं.

केबलचं टोक (लॅपटॉपकडून आलेलं): पिन २ वर उणे ५.७, पिन ३ वर ०.०
मशीनचा सॉकेट: पिन २ वर उणे ११.३, पिन ३ वर ०.०

दोघंही २ वर! दोन दिवस एकाच तारेवर दोघांना बोलायला लावत होतो. यात काही जळलं नसेल ना?

ऋणभार

नाही. आउटपुट शॉर्ट झाला तरी ड्रायव्हरनं टिकलं पाहिजे ही मानकाचीच अट आहे. शिवाय दोघंही गप्प असताना दोन्हीकडे ऋणच व्होल्ट, म्हणून केबल लावलेली असताना मोजलं असतं तर काही वावगं दिसलंच नसतं. आणि एक आनंदाची बातमी: उणे ११.३ म्हणजे मशीनचा ड्रायव्हर ठणठणीत आहे. पोर्ट गेलेला नाही.

पकडसांडशी

म्हणजे शेवटी २-३ क्रॉसच. मी काय वेगळं म्हणालो? :)

ऋणभार

उत्तर बरोबर होतं, गणित केलेलं नव्हतं. :) तयार अडॅप्टर काढून थेट ९ ते २५ केबल बनवली असती आणि तुमचं ऐकून २-३ क्रॉस केले असते, तर पुन्हा इथेच येऊन बसले असते. ९ ते २५ मध्ये २ ला २ आणि ३ ला ३ हीच खरी क्रॉस केबल. ९ ते ९ किंवा २५ ते २५ असेल तेव्हाच २ ला ३ करायचं. म्हणून केबलला सरळ किंवा उलट म्हणणंच मी सोडून दिलंय. कुठली पिन बोलते आणि कुठली ऐकते, एवढंच कागदावर लिहितो.

बारकेपिन

अवांतर: ९ पिनला सगळे डीबी-९ म्हणतात, खरं नाव डीई-९. डी नंतरचं अक्षर कवचाचा आकार सांगतं. ए म्हणजे १५ पिनचं, बी २५ चं, ई ९ चं. दुकानदाराला डीई-९ मागितलं तर तो तुमच्याकडे संशयाने बघेल, ते वेगळं.

चिमटा

गिरमिट, नल मोडेमचा (२-३ उलट करणारा) तयार तुकडा मध्ये लावूनही काम होईल. पण तुमच्याकडे आधीच तीन सांधे आहेत, चौथा नको. शिवाय नल मोडेम आणि जेंडर चेंजर (नुसता मेल-फिमेल बदलणारा) दिसायला अगदी सारखे, आणि बऱ्याचदा वर काही छापलेलं नसतं. एकदा माझ्या साखळीत चुकून दोन नल मोडेम आले होते. दोन उलटे मिळून सरळ, आणि मी अर्धा दिवस सॉफ्टवेअरला शिव्या घालत होते.

थेट ९ फिमेल ते २५ मेल अशी केबल बनवा:

९ चा २ – २५ चा २
९ चा ३ – २५ चा ३
९ चा ५ – २५ चा ७
२५ च्या हूडमध्येच (प्लगच्या मागच्या कवचात): ४ ला ५ जोडा, आणि ६, ८, २० एकत्र जोडा
९ च्या हूडमध्येच: ७ ला ८ जोडा, आणि १, ४, ६ एकत्र जोडा

तुमचा "तयार नाही" अलार्म त्या ६-८-२० च्या जोडणीनं जाईल. मशीन २० वर (डीटीआर) "मी तयार" म्हणतं आणि ६ वर (डीएसआर) समोरच्याच्या होकाराची वाट बघतं. तुमच्या तीन तारांच्या केबलमध्ये तो होकार येणार कुठून? जम्पर टाकला की मशीनचाच आवाज त्याच्या कानात परत येतो.

बारकेपिन

म्हणजे मशीनला फसवायचं. समोर लॅपटॉप बंद असला तरी मशीन म्हणणार सगळं आलबेल. मी सात तारा टाकून खरं हँडशेक (दोघांनी एकमेकांना तयार आहे सांगणं) करीन.

चिमटा

फसवणूक आहेच, नाकारत नाही. पण जुन्या सीएनसी बऱ्याचदा तारांचं हँडशेक वापरतच नाहीत. बफर भरत आला की मशीन डीसी-३ हा कोड पाठवतं (अस्की या अक्षरांच्या यादीत १९) आणि जागा झाली की डीसी-१ (अस्की १७). थांब-चल हे डेटाच्याच तारेवरून. अशा ठिकाणी सात तारा म्हणजे डाग द्यायला चार जागा जास्त आणि फायदा काही नाही. मॅन्युअलमध्ये मशीन आरटीएस-सीटीएस (थांब-चलच्या वेगळ्या तारा) मागतंय असं लिहिलं असेल तर मात्र तुमचं बरोबर.

गिरमिट

मॅन्युअल पाहिलं. डीसी कोड वापरतं, आणि ६-८-२० च्या जम्परचं चित्रही आहे. आधीच बघायला हवं होतं. आता आज रात्री डाग द्यायला बसतोय. केबल कुठली घेऊ? नेटवर्कची वायर भरपूर पडून आहे.

ऋणभार

नेटवर्कची चालेल, पण जोड्या विचारपूर्वक वापरा. टीएक्स आणि आरएक्स (ऐकणारी) एकाच पिळातल्या दोन तारांवर टाकू नका. एका जोडीत टीएक्स आणि ग्राउंड, दुसऱ्या जोडीत आरएक्स आणि ग्राउंड. टीएक्स-आरएक्स शेजारी पिळले की एकाची धडधड दुसऱ्यात उतरते. लांब केबलचं दूरचं टोक मोकळं असताना तर कधी कधी बोललेलं परत ऐकू येतं, आणि माणूस लूपबॅक पास झाला म्हणून खूश होतो.

लांबीची काळजी तुम्हाला नाही. जुना नियम १५ मीटरचा. नंतरच्या आवृत्तीत लांबीऐवजी २५०० पिकोफॅरडची मर्यादा आली. नेटवर्कच्या वायरला मीटरमागे साधारण ५० पिकोफॅरड, तुमचे चार मीटर कुठेच लागत नाहीत. शिल्डची वायर मिळाली तर जास्त बरं, मशीनच्या आसपास मोटारींचे ड्राइव्ह असतात. जाळी एकाच टोकाला कवचाशी जोडा.

चिमटा

डाग देताना या गोष्टी पाहा, प्रत्येक चूक मी स्वतः केलेली आहे.

पिनांचे आकडे प्लास्टिकवर बारीक कोरलेले असतात, ते उजेडात तिरपं धरून वाचा. नेटवरचं चित्र समोरून काढलेलं असतं आणि तुम्ही मागून डाग देत असता, म्हणजे सगळं आरशातलं. २५ पिनमध्ये २ समजून १२ ला दिलेला डाग मी पाहिलाय. दिला मीच होता.

मेल प्लगला डाग देताना समोर एक जुना फिमेल प्लग खोचून ठेवा. प्लास्टिक गरम होऊन मऊ पडलं की पिन वाकडी बसते, आणि मग तो प्लग कशातच नीट जात नाही.

आधी पिनेच्या मागच्या वाटीत थोडं कथील भरा, तारेच्या टोकालाही लावा. मग वाटी तापवून तार आत सरकवा आणि कथील चमकून गोठेपर्यंत हात हलवू नका. मळकट, दाणेदार दिसला तर तो कोरडा डाग. आज चालेल, मशीन हादरलं की सोडेल. हीटश्रिंकचे तुकडे डाग देण्याआधी तारेवर चढवा, आणि हूडही आधी पाहून ठेवा. हे वाक्य वाचून हसणारे सगळे एकदा तरी हीटश्रिंक विसरलेले असतात.

नांगरधारी

वाचतोय, मस्त धागा. थोडा हायजॅक करतो: नेटवर्क स्विचच्या कन्सोलसाठी आरजे-४५ ते ९ पिनचं मोकळं किट आणलंय. आत रंगीत तारा आहेत. कुठला रंग कुठे?

ऋणभार

रंगांवर जाऊ नका, प्रत्येक बनवणाऱ्याचे वेगळे. एका टोकाला नेटवर्कची वायर क्रिंप करा आणि १ ते ८ पैकी प्रत्येक पिन बझरवर कुठल्या रंगाला वाजते ते लिहून घ्या. सिस्कोच्या कन्सोलला ३ वर स्विच बोलतो, ६ वर ऐकतो, ४ आणि ५ ग्राउंड. म्हणजे रोलओव्हर नसलेल्या सरळ वायरीने ३ जायचा ९ पिनच्या २ ला, ६ जायचा ३ ला, ४-५ दोन्ही ५ ला. रोलओव्हर वायर वापरत असाल तर ती १ ला ८, २ ला ७, ३ ला ६ अशी उलटते, तेव्हा किटमध्ये तोच हिशेब उलटा. दुसऱ्या कंपनीच्या स्विचला हेच असेल असं धरून चालू नका, ऋण व्होल्ट शोधा. आणि पिन कवचात टक्कन बसली की सहज निघत नाही, म्हणून आधी सगळ्या बाहेरच ठेवून चाचणी घ्या.

कोरीपाटी

मीटरची युक्ती आधी माहीत असती तर एक बोर्ड वाचला असता. मायक्रोकंट्रोलरची आरएक्स पिन थेट पीसीच्या ९ पिनला लावली होती. धूर नाही, वास नाही, पिन मेली.

ऋणभार

कोरीपाटी, बोर्डची लाइन गप्प असताना ३.३ किंवा ५ व्होल्ट धन असते, आणि आरएस-२३२ ची ऋण. तर्कही उलटा, पातळीही वेगळी. मध्ये पातळी बदलणारी मॅक्स-२३२ जातीची चिप हवीच. बोर्ड ३.३ व्होल्टचा असेल तर मॅक्स-३२३२. मीटरवर गप्प पिन धन ३.३ दिसली की समजायचं, हा आरएस-२३२ नाहीच.

बारकेपिन

९ पिनचं तोंड दिसलं म्हणजे आरएस-२३२ असंही नाही. आरएस-४८५ त्याच तोंडावर मिळतो. बिलिंगच्या काही पीसींत ९ नंबरच्या पिनवर स्कॅनरसाठी ५ किंवा १२ व्होल्ट सोडलेले असतात. काही यूपीएसना साधी सिरियल केबल लावली की यूपीएस सगळ्यांची वीज तोडतो, कारण तिथल्या पिनांचे अर्थ वेगळे. लावण्याआधी मोजा.

गिरमिट, तुम्हाला अजून एक. केबल खोचण्याआधी मशीनचा ७ आणि लॅपटॉपकडचं ग्राउंड यांच्यात एसी व्होल्ट मोजा, चार्जर लावून आणि काढून. चार्जर लावल्यावर बरेच व्होल्ट दिसले तर चार्जर काढून बॅटरीवर काम करा किंवा मध्ये ऑप्टो-आयसोलेटर (दोन्हीकडचं ग्राउंड वेगळं ठेवणारा) टाका. आमच्याकडे शेजारच्या खोलीत वेल्डिंग चालू असताना एक पोर्ट गेला होता, तेव्हापासून मी आधी ग्राउंड मोजतो.

गिरमिट

केबल झाली! अलार्म गेला. एसी व्होल्ट चार्जर काढून नगण्य, म्हणून बॅटरीवरच काम करतोय. मशीनमधून प्रोग्राम बाहेर पाठवला आणि लॅपटॉपवर काहीतरी आलं. पण अर्धा कचरा. जी, एम, एन, झेड नीट दिसतात. एक्स, एफ, टी च्या जागी विचित्र चिन्हं. आकड्यांतले ०, ३, ५, ६, ९ धड येतात. १, २, ४, ७, ८ बिघडतात. दोन्हीकडे ४८००, नक्की. पुन्हा डाग तपासू का?

चिमटा

अजिबात नको, केबल उत्तम आहे. कोरड्या डागानं अक्षरं निवडून बिघडत नसतात, आणि बॉड चुकला असता तर सगळंच बिघडलं असतं.

जी चा अस्की कोड दोनांच्या पद्धतीत १०००१११. त्यात चार एक, सम. एक्स चा १०११०००, तीन एक, विषम. ० चा ११००००, दोन एक. १ चा ११०००१, तीन एक. तुमची यादी तपासा: धड आलेली सगळी सम, बिघडलेली सगळी विषम.

मशीन ७ डेटा बिट आणि त्यावर सम पॅरिटीचा (एकांची संख्या सम करणारा) आठवा बिट पाठवतंय. विषम अक्षराला तो बिट १ होतो. तुम्ही ८ बिट, पॅरिटी नाही असं वाचताय, म्हणून तो बिट अक्षराचाच भाग समजला जातो. पुटीत ७ बिट, सम पॅरिटी करा. स्टॉप बिट मॅन्युअल म्हणेल तितके, बहुतेक २.

गिरमिट

७, सम, २. अख्खा प्रोग्राम स्वच्छ आला. चिमटा, तुम्हाला साष्टांग.

पकडसांडशी

हे मात्र मला सुचलं नसतं. वाखू (वाचनखूण) साठवली.

गिरमिट

शेवटचं, मग पिडत नाही. छोटे प्रोग्राम मशीनमध्ये नीट जातात. मोठा पाठवला तर पुढे कुठेतरी अक्षरं गळतात. एका ओळीत झेडच्या आकड्यातला एक अंकच गायब होता. स्क्रीनवर वाचताना दिसला म्हणून वाचलो.

चिमटा

तो प्रोग्राम चालवू नका! झेडचा अंक गळाला तर टूल चकमध्ये (जॉब धरणाऱ्या भागात) जाईल.

मशीन डीसी-३ पाठवून "थांब" म्हणतंय आणि पाठवणारं सॉफ्टवेअर ऐकत नाहीये. फ्लो कंट्रोल (थांब-चल) कशावर आहे? हार्डवेअर असेल तर तुमच्या ७-८ च्या जम्परमुळे सीटीएस कायम हो म्हणत राहतो, म्हणजे ते असून नसल्यासारखं. बारकेपिन ज्याला फसवणूक म्हणत होते ती ही. एक्सऑन-एक्सऑफ (डीसी-१ आणि डीसी-३ चंच दुसरं नाव) निवडा, आणि ते ड्रायव्हरपर्यंत पोहोचतंय का ते पाहा. यूएसबीच्या बफरमध्ये आधीच गेलेली काही अक्षरं "थांब" नंतरही निघतात, मशीनच्या बफरमध्ये तेवढी जागा उरली पाहिजे. गरज पडली तर बॉड कमी करा.

पाठवून झाल्यावर तोच प्रोग्राम मशीनमधून परत मागवा आणि दोन्ही फायली जुळवा. डोळ्यांनी नाही, फायली जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरने.

गिरमिट

फ्लो कंट्रोल "नाही" वर होतं. एक्सऑन-एक्सऑफ केलं. सर्वात मोठा प्रोग्राम तीनदा पाठवला, तीनदा परत मागवला. ओळीच्या शेवटच्या खुणा सोडल्या तर एका अक्षराचाही फरक नाही. तरी पहिली फेरी जॉबशिवाय, सिंगल ब्लॉकवर (एकेक ओळ करत) चालवली.

हूडच्या आत कागद घडी करून ठेवलाय: २-२, ३-३, ५-७, जम्पर कुठे, ४८००-७-सम-२, एक्सऑन. बाहेर पट्टी चिकटवली: "फक्त लेथ". तो जुना ९-२५ अडॅप्टर फेकून देऊ का?

ऋणभार

फेकू नका, बाहेरचा मोडेम लावायला तोच लागतो. त्याच्यावर मार्करने लिहा: ९ चा २ = २५ चा ३.

गिरमिट

लिहिलं. खणात आणखी दोन सापडले, दिसायला हुबेहूब. एक तसाच आहे, दुसऱ्यात २ ला २ आहे.

पकडसांडशी

:))